दिवाळीचा दमा

हलकं, लवकर पिकणारं धान कापून झालं की गोंदियाच्या आभाळाला पिवळट झाक यायची. बाहेरगावचा माणूस म्हणायचा, धुकं पडलं. देवकाबाईला ठाऊक होतं, ते धुकं नव्हे, कोंडा आहे. गिरणीच्या मागच्या भिंतीला चिकटून तिचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. भिंतीपलीकडे धान भरडलं जायचं. तांदूळ पोत्यात जायचा आणि कोंडा वाऱ्यावर. जो वाऱ्यावर जात नसे तो भट्टीत जळायचा आणि धुराड्यातून काळा होऊन पुन्हा वाऱ्यावरच यायचा. कौलांवर बसायचा, तुळशीवर बसायचा, वाळत घातलेल्या लुगड्यावर, झाकायच्या राहिलेल्या भातावर बसायचा. त्यात जवळच रेल्वेचं यार्ड. इंजिनं उभी राहून फुसफुसायची आणि त्यांचा कोळशाचा धूर ह्या धुरात येऊन मिसळायचा, जसे दोन नाले एका नदीत यावेत.

देवकाबाई अंगण झाडायची, पुन्हा झाडायची, पण तिच्या झाडण्यात तक्रार नव्हती. नवरा गेला तेव्हा केवळरामला मिसरूडही फुटलं नव्हतं. ह्याच गिरणीनं त्याला भट्टीवर कामाला घेतलं, ह्याच गिरणीनं राहायला घर दिलं. म्हणून झाडता झाडता ती गुणगुणायची,

*गिरणीचा भोंगा, वाजतो घुमून,*
*लक्ष्मी माझी आली, कौलांवरून.*

कोंडा उडाला म्हणजे धान आलं, धान आलं म्हणजे चूल पेटली. तिच्या लेखी गोष्ट एवढीच होती.

त्या घरात धनवंता सून म्हणून आली ती वैशाखात. चोरखमाऱ्याची पोर. गाव तलावाच्या कुशीतलं, आणि तलाव एवढा की पलीकडच्या काठावरची झाडं शेवाळासारखी दिसावीत. पोर सावळी, उंच, गळ्यात गोडवा घेऊन आलेली. तिनं ओवी धरली की शेजारची सुमित्राबाई हातातलं सूप घेऊन दारात येऊन उभी राही. गिरणी तेव्हा बंद होती, कारण धानच संपलेलं होतं. पावसाळा गेला, पोळा गेला, भादव्यातला उकाडा गेला. देवकाबाईला पोटची लेक नव्हती. संध्याकाळी सुनेचे केस पुढ्यात घेऊन तेल घालताना तिला वाटे, देवानं उशिरा दिली, पण दिली.

मग दिवाळी तोंडावर आली, गिरणीचा भोंगा वाजला आणि आठ दिवसांत पोरीचा श्वास अडला.

आधी नुसता खोकला. मग छातीत शिट्टी, दाराच्या फटीतून वारा वाजतो तशी. मग खांदे वर, मान पुढे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसणं. ओवीची पहिली ओळ निघे, दुसरी ओळ अर्ध्यात तुटे. तिचा भाऊ बकाराम भाऊबीजेला तिला न्यायला आला. गावी भाऊबीजेनंतर मंडईची जत्रा भरायची, रात्री दंडारीचा खेळ व्हायचा, साऱ्या लेकी माहेरी यायच्या. धनवंता आधी आगगाडीत, मग बैलबंडीत बसून गेली आणि महिन्यानं आली ती गाल भरून, खोकला गावच्या तलावाच्या बांधावर, पाळीवर ठेवून आल्यासारखी. घरी पाऊल टाकून चार दिवस झाले नाहीत तोच शिट्टी पुन्हा सुरू.

सुमित्राबाईनं ते टिपलं. तिच्या नजरेतून मुंगीही सुटत नसे.

"देवकाबाई, तुह्या सुनेले दिवाळीचा दमा हाये."

"म्हंजे?"

"म्हंजे असं, का भाऊबीज आली का दम लागते, माहेरची बंडी दिसली का दम जाते. माह्या नणदेले असंच पोट दुखे. तिच्या सासऱ्यानं तिच्या बापाले सांगून दिलं, आता नेऊ नको. तं पोट बी राह्यलं अन् नणद बी राह्यली."

देवकाबाई हसली. पण बाभळीचा काटा टोचला की वर रक्त दिसत नाही, आत मात्र ठणकत राहतो. तसं ते बोलणं आत राहिलं. पुढच्या वर्षी धान आलं, भोंगा वाजला, आणि पुन्हा तेच. तेव्हा तो काटा हलला.

*

बकारामचं लग्न निघालं तेव्हा देवकाबाई सुनेसोबत स्वतः चोरखमाऱ्याला गेली. तिरोड्यापर्यंत आगगाडी, तिथून बंडी. आगगाडीत धनवंता खिडकीपासून तोंड फिरवून, पदर नाकाला लावून बसली होती. बंडी तलावाच्या पाळीवर चढली तसा तिनं पदर सोडला. पाण्यावरून वारा आला, गार, ओला, लव्हाळ्याचा वास घेऊन. धनवंतानं तो वारा असा आत घेतला जसा उपाशी माणूस घास घेतो. देवकाबाईनं ते पाहिलं.

लग्नाच्या दिवसांत तिनं आणखी पाहिलं. हीच पोर, जी आपल्या घरी पाण्याची एक घागर आणताना तीनदा बसते, ती इथं डोक्यावर दोन घागरी घेऊन पाळ चढली. हळदीला पहिली ओवी तिनंच धरली आणि एका श्वासात एक ओळ, दुसऱ्यात दुसरी, अशी रात्र होईस्तोवर गात राहिली.

*माहेराच्या वाटे, पाळीवर आंबा,*
*सांगा माझ्या बंधवाला, घडीभर थांबा.*

बाया म्हणाल्या, "गळा तं गळाच आहे बाई." धनवंताची माय दुर्पता विहीणबाईजवळ येऊन बसली, हातात पानाचा विडा दिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माही पोर तिथं सारखी बिमार राहते म्हनते. इथं तं तिले काही नसे, विहीनबाई. कधीच नसे."

दुर्पताला एवढंच सांगायचं होतं की पोर मूळची रोगट नाही, तुम्हाला फसवून दिली नाही. देवकाबाईला मात्र त्यात दुसरंच ऐकू आलं. मी जिच्या छातीला मोहाचं तेल चोळते, जिला उठवून बसवते, ती माझ्या घरी मरते आणि इथं नाचते. मग मी कोण, जेलर?

परतीच्या बंडीत ती सुनेकडे पाठ करून बसली. गोंदियाच्या यार्डाजवळ आगगाडी थांबली, धुराचा लोट डब्यात शिरला आणि धनवंता खोकू लागली, तेव्हा देवकाबाई बाहेर पाहत म्हणाली, "झालं सुरू. अजून घरी बी नाही पोचलो."

*

केवळराम भट्टीवरचा माणूस. बोलणं कमी, घाम जास्त. एकदा मंगळवारी, गिरणी बंद असताना, तो आईजवळ येऊन बसला. जमिनीवर बोटानं रेघा काढत राहिला.

"माय, मले वाटते हे कोंड्यानं होऊन राह्यलं. पाह्य ना, मंगळवारी गिरणी बंद राहते तं ती थोडी बरी राहते."

"मंगळवारी तू घरी राहतेस म्हनून बरी राहते. मी बी कधी सून होती, बाबू."

"तसं नाही माय."

"मंग कसं? कोंड्यानं होते तं मले काऊन नाही होत? तुले काऊन नाही? तू तं दिवसभर कोंड्यातच उभा राहतेस. सुमित्राबाईच्या पाच पोरांले काऊन नाही?"

केवळराम पुन्हा बोटानं रेघा काढू लागला. याचं उत्तर तेव्हा त्या साऱ्या गल्लीत कोणाजवळ नव्हतं. एकाच हवेत दहा जण जगतात आणि अकरावा त्याच हवेत बुडतो, हे कसं, ते कोण सांगणार?

तरी त्यानं मुकादम मुन्नालालजवळ दुसरीकडे काम पाहायचा विषय काढला. मुन्नालाल हसला. "कहाँ जाएगा रे? आमगावच्या गिरणीत? तिथं काय गुलाल उडते? तिथंही कोंडाच उडते." खरंच होतं ते. शेती नव्हती, गावी घर नव्हतं, हाताला भट्टीशिवाय दुसरं काम माहीत नव्हतं. केवळरामनं गोणपाट ओलं करून दाराला टांगलं. सकाळी ते ओलं असे, दुपारी वाळून कडक होई, आणि वाऱ्यानं हललं की त्याच्यावर बसलेला सारा कोंडा घरात सांडे.

त्याच्याच हट्टानं देवकाबाई सुनेला स्टेशनाकडच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हातारे, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, डोळे मिटून ऐकत राहिले. गोळ्या दिल्या. मग म्हणाले, "बाई, गोळ्यांनी थोडा आराम पडेल. पण हिला इथली हवा मानवत नाही. हवापालट करा. हिचं माहेर कुठं?"

"चोरखमारा."

"तलाव आहे ना तिथं? उत्तम. गिरण्यांच्या दिवसांत तिथंच ठेवा हिला."

"म्हंजे दिवाळीपासून?"

"दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. दरवर्षी."

देवकाबाईनं सुनेकडे पाहिलं. धनवंताचा चेहरा, जो इतका वेळ राखेसारखा होता, तो उजळला होता. दिव्याची वात पुढे सरकवावी तसा. तेवढं उजळणं देवकाबाईला पुरावा म्हणून पुरलं.

वाटेत ती म्हणाली, "डॉक्टरले तूच सांगतलं असशीन, माहेरी बरं वाटते म्हनून."

"त्यानं इचारलं, आत्याबाई. मी... खोटं कशी..."

"बोलू नको. दम लागन."

अर्धं वर्ष माहेरी राहणाऱ्या सुनेला सून म्हणत नाहीत. पाहुणी म्हणतात. देवकाबाई स्वतः लांजीकडची. नवी नवी आली तेव्हा तीही रडली होती, तिलाही वाटलं होतं की छाती फुटेल. सासूनं चार वर्षं धाडलं नाही. पाचव्या वर्षी गेली तेव्हा माहेरचं अंगण परकं वाटलं, आणि परत येताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बाईचं असंच असतं. धानाचं रोप परह्याच्या वाफ्यातून उपटावं लागतं, तेव्हाच ते बांधीच्या चिखलात लागतं. उपटताना मुळं तुटतात. रोवणी करणारी बाई म्हणून ती मुळं मोजत बसते का?

*

गल्लीच्या टोकाला रुख्मा राहायची, जाणती. पोरांची नजर काढायची, गाईचं दूध आटलं तर सांगायची. तिनं धनवंताचा हात हातात घेतला, डोळे मिटले, झुलली आणि म्हणाली, "माहेरचा देव मागं आला हिच्या. पाळीवरचा. लेक दिली पन देवानं सोडली नाही. पान्याचा देव आहे, म्हनून छातीत पानी वाजवते. तिकडं गेली का खूश होते, इकडं आली का गळा धरते."

"मंग उपाय?"

"त्याले विसरू द्या. तीन दिवाळ्या तिकडचा उंबरठा नाही, तिकडचं पानी नाही, तिकडचा वारा नाही. तीन वर्स भूक लागली का देव दुसरं घर पाहते. मंग ती तुमची."

कोणी वैरानं सांगितलं असतं तर केवळराम भांडला असता. पण रुख्मा कोणाची वैरी नव्हती, आणि आई तर नव्हतीच. देवकाबाईनं दुसऱ्या दिवसापासून स्वतःही व्रत धरलं, मीठ सोडलं, सुनेसाठी. अळणी भात खाताना तिचा घास घशात फिरे, पण ती खाई. धनवंतानं हे पाहिलं आणि तिचा नकार तिथंच विरघळला. जी सासू आपल्यासाठी अळणी खाते तिला काय म्हणणार?

पहिल्या दिवाळीला बकाराम आला. देवकाबाईनं त्याला बाहेरच्या खोलीतच बसवलं, चहा दिला, पण चोरखमाऱ्याहून आणलेल्या पोह्यांचं गाठोडं जसंच्या तसं परत दिलं. भाऊ आणि बहीण एकमेकांना मधल्या दारात टांगलेल्या गोणपाटाच्या फटीतून पाहत राहिले. तिनं ओवाळलंही नाही. त्याच्या अंगाला तिकडचा वारा होता.

"मावशी, तिले माहेरचं पानी नाही चालत, तं माहेरचा भाऊ कसा चालन," बकाराम उठता उठता म्हणाला. टोमणा होता, पण डोळे भरलेले होते.

दुसरी दिवाळी गेली. त्या वर्षी म्हणे राज्य बदललं, गोंदियासकट सारा भंडारा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला. गल्लीत साखर वाटली. सेठनं गिरणीत नवं यंत्र बसवलं, धुराडं उंच केलं. धूर आता दूर जाईल, असं मुन्नालालनं सांगितलं. धूर दूर गेला, पण कोंडा दुप्पट झाला. धनवंता आता भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. आडवं झालं की छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखं होई. तिचे हात काड्या झाले आणि गळ्याच्या खालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाई, एवढी खोल की तिच्यात एक सुपारी राहावी. पावसाळ्यात ती थोडी सावरे. गिरणी बंद, हवा धुतलेली. देवकाबाई सुमित्राबाईला म्हणे, "पाह्य, देव थकून राह्यला."

"थकून तं राह्यला," सुमित्राबाई म्हणे. पण तिच्या आवाजात आता पहिल्यासारखी गंमत नव्हती.

आणि भोंगा वाजला की शिट्टी सुरू. देवकाबाई मोहाचं तेल कोमट करून सुनेच्या पाठीवर चोळत बसे. तळहाताखाली त्या बरगड्यांमधलं घरघरणं तिला कळे. कधी कधी तिचा हात मध्येच थांबे. एकदा तर तिनं दाराबाहेर पाहिलं. उन्हाच्या पट्ट्यात कोंड्याचे कण नाचत होते, एकेक कण सुईसारखा चकाकत होता, आणि तो पट्टा थेट धनवंताच्या उघड्या तोंडापर्यंत आला होता. देवकाबाई ते पाहत राहिली. तिच्या मनात काहीतरी उभं राहू पाहत होतं, गाय उठताना आधी मागचे पाय टेकते तसं. पण ते उभं राहिलं असतं तर तीन वर्षांचं अळणी जेवण, परत केलेले पोहे, गोणपाटाआडचा बकाराम, हे सारं कोणाच्या पदरात पडलं असतं? तिनं हात पुन्हा तेलात बुडवला.

*

तिसऱ्या दिवाळीला बकाराम आला तेव्हा देवकाबाई दारातच उभी होती. तिनं सुनेचं नवं लुगडं घडी करून ठेवलं होतं, वाटेसाठी लाडू बांधले होते. तिसरी दिवाळी सरली होती, व्रत आज संपत होतं.

"ये गा बकाराम, आत ये. आता काही नाही. घेऊन जा तुह्या बहिनीले. मंडई पाहू दे, पंधरा दिवस राहू दे."

बकाराम आत आला आणि भिंतीजवळ थबकला. तिथं जे बसलं होतं ते त्याला आधी ओळखू आलं नाही. मग तो खाली बसला, बहिणीच्या पायांजवळ.

"धनू."

तिनं हात वर केला. बोलायला एक श्वास लागतो, आणि तो तिला घ्यायचा होता.

"चाल. बंडी तिरोड्याले उभी आहे. स्टेशनापर्यंत पाठीवर नेतो मी तुले."

धनवंतानं डोळे मिटले. स्टेशन म्हणजे यार्ड, यार्ड म्हणजे धूर, मग डबा, मग बंडीचे हेलकावे. पलीकडे पाळ होती, वारा होता, माय होती. माय पाळीवर येऊन उभी राहील आणि बंडीतून हे असं खंगलेलं, हाडांचं गाठोडं उतरताना पाहील. तिनं मान हलवली.

"नाही."

"काऊन वं?"

"नाही... जात."

"धनू, माय वाट पाहून राह्यली."

"मायले सांग..." ती थांबली. खांदे चार वेळा वर गेले, खाली आले. "सांग... बरी आहे."

बकाराम उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मावशी, तुमी तिचा जीव घेऊन राह्यल्या. इथं माणूस कसा जगते? माह्या तोंडात आत्ताच कोंडा आला."

"आमी जगलो, बाबू. जन्म गेला आमचा." देवकाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथं दुसरंच काही फुलत होतं. "अन् तू ऐकलं ना तुह्या कानानं? मी धाडून राह्यली, तं तीच नाही म्हनते. भाऊ दाराशी आला तं जी पोरगी हसत जाय, ती आज नाही म्हनते. सुटली रे. देव सुटला तिचा."

बकाराम तिच्याकडे पाठ करून खाली वाकला. मग बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, जसा मोठे लोक नवरीच्या डोक्यावर ठेवतात, आणि गेला. लाडवांचं गाठोडं तिथंच राहिलं. केवळराम भट्टीवर होता. बकाराम गिरणीच्या फाटकाशी त्याला भेटला की नाही, ते कोणाला कळलं नाही.

देवकाबाईनं गुळाची ढेप फोडली. थाळीत खडे घेतले आणि गल्लीत निघाली. रुख्माला दिला, पहिला. तिनं डोक्याला लावून खाल्ला. वेशीवरच्या देवाला ठेवला. सुमित्राबाईच्या दारात गेली.

"कायचा गूळ, देवकाबाई?"

"सून रुळली माही. भाऊ न्याले आला तं म्हनते, नाही जात. स्वतःच्या तोंडानं."

सुमित्राबाईनं खडा घेतला, पण तोंडात टाकला नाही. पदराच्या टोकाला बांधला. "बरं झालं बाई," ती म्हणाली आणि आत गेली, आणि आतून तिनं कडी लावली. दिवसाची वेळ होती. देवकाबाईला त्या कडीच्या आवाजाचं नवल वाटलं.

घरी आली तेव्हा धनवंता होती तिथंच होती. ऊन कलायला लागलं होतं, भट्टी भरात होती, अंगणात काजळीचे लहान लहान पापुद्रे उतरत होते. देवकाबाई तिच्याजवळ मांडी घालून बसली. तिच्या चेहऱ्यावरचे घामाचे थेंब पदरानं टिपले. तीन वर्षांनी तिनं स्वतः मिठाचा खडा जिभेवर ठेवला होता, आणि त्या चवीनं तिचं मन हलकं झालं होतं.

"घे माय," ती म्हणाली. आजपर्यंत तिनं सुनेला माय म्हटलं नव्हतं. "घे, गोड खा. आता तू माही."

तिनं गुळाचा खडा सुनेच्या ओठांशी नेला. धनवंतानं सासूकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, लोभही नव्हता, नुसती मोठी लगबग होती, पुढचा श्वास गाठायची. तोंड उघडंच होतं. त्या तोंडातून हवा येत होती आणि हवा जात होती, आणि दुसऱ्या कशालाही तिथं जागा नव्हती. तोंड मिटून एक घास चघळायचा तर तेवढा वेळ श्वास थांबवावा लागतो.

"खाय ना," देवकाबाई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "खाय ना वं."

गूळ तिच्या बोटांत विरघळू लागला. ती तो धरून बसली.